उकंडाभाऊंची लिफ्ट

उकंडाभाऊंना कोणतीही लिफ्ट दाखवा. ते चष्मा कपाळावर चढवतात, मोबाईल हातभर लांब धरतात, व्हिडिओ शेवटपर्यंत पाहतात, "वा!" म्हणतात, पुन्हा एकदा पहिल्यापासून पाहतात आणि मग फोन माझ्या हातात देत म्हणतात, "चीज लय भारी हाय. पन..."

या 'पन'नं माझं डोकं पिकलं होतं. वर्ष उलटून गेलं तरी तो काही संपेना.

लिफ्ट म्हणजे माणसांची नव्हे. तिनं वर जावं असं आमच्या कामरगावात आहे काय? उकंडाभाऊ सुतारकाम करणारे मिस्त्री, आणि लिफ्ट हवी होती ती त्यांच्या राउटरला. राउटर म्हणजे लाकडाच्या कडेला गोलाई नाहीतर नक्षी काढणारं मशीन. भाऊंनी ते टेबलाखाली उलटं टांगलंय. टेबलाच्या भोकातून नुसतं बिट, म्हणजे कापणारं पातं, वर डोकावतं, त्याच्यावरून लाकडी पट्टी सरकवली की झाली नक्षी. खरी कटकट पुढंच. बिट किती वर यावं हे जुळवायचं तर एकानं टेबलाखाली उकिडवं बसून मशीन हातानं वरखाली करायचं आणि दुसऱ्यानं वर काटकोनी गुण्या धरून सुतासुतानं माप पाहायचं. लिफ्ट बसवली की हे सगळं मिटतं. वरून हँडल फिरवा, मशीन आपोआप वर. दुसरं माणूसच लागत नाही.

आता तुम्ही म्हणाल, तुला रे काय पडलंय? पडलंय ना! माझं फोटो फ्रेमचं दुकान आहे आणि नक्षीच्या पट्ट्या भाऊंशिवाय कोणी धड करत नाही. लग्नाचे फोटो भिंतीवर चढायच्या आधी जोडप्याला पोर होतं, अशी माझ्या दुकानाची ख्याती झाली होती.

आणि दुसरं, टेबलाखाली बसणारं माणूस म्हणजे आमच्या कमलावहिनी. त्यांचे गुडघे कामातून गेलेले. कारंज्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की बाई, उकिडवं बसणं आता बंद. तरी त्या बसायच्या. उठताना टेबलाचा पाय धरून "आई गं" करायच्या आणि भाऊ तेवढ्यात भिंतीकडे पाहून करवत पुसायचे.

म्हणून मी लिफ्टमागून लिफ्ट दाखवत होतो. एकीचा रंग लाल निघाला. "दारातली बकरी बुजन," भाऊ म्हणाले. दुसरीची पट्टी पातळ. "हे तं डब्याचं झाकन हाय." तिसरीचं हँडल फार गुळगुळीत. चौथीत मात्र त्यांना काहीच सापडेना. चांगलं अर्धा तास मोबाईल उलटासुलटा करून म्हणाले, "याच्यात खोटच नाई बापा. खोट नसलेली चीज मले खटकते."

मी पाचवी शोधायला लागलो.

या घरात आणखी एक भानगड होती. नवराबायकोचा अबोला. पोरीचं लग्न झालं, भाऊंनी स्वतःच्या हातानं सागाचा पलंग करून मानोऱ्याला तिच्या सासरी पोचवला. दोघं शिदोरी घेऊन भेटायला गेले, तर सगळ्या पाहुण्यांसमोर वहिनी पलंगावर टेकल्या आणि म्हणाल्या, "अवं, हा तं डुगडुगते." झालं! व्याह्यांसमोर कामाला नाव! भाऊ तिथल्या तिथं बोलून गेले, "पलंग तरी डुगडुगते. हिची पुरनपोळी तं हालतबी नाई." वहिनींनी ती पोळी पहाटे उठून केली होती. व्याही हसले, पोरगी रडली, आणि परतीच्या जीपमध्ये दोघं दोन टोकांना बसून आले.

तेव्हापासून बोलणं नाही. मी गेलो की माझ्यामार्फत. "दिनकरभाऊ, त्याईले म्हना, चहा झाला." भाऊ माझ्यापलीकडं हातभर अंतरावर बसलेले असायचे. "तिले सांग, साखर कमी टाक." कोणी नसलं की बकरीमार्फत. मी या कानांनी ऐकलंय, वहिनी बकरीला सांगत होत्या, "सांग वं त्याईले, भाकर थंडी होऊन राह्यली." बकरीनं काही सांगितलं नाही, पण भाऊ उठून हात धुवायला गेले.

राउटरपाशी मात्र बकरीचा इलाज चालत नाही. तिथं समोरासमोर, म्हणजे वरूनखालून, बोलावंच लागतं.

"अर्धा सूत वर."

"आला?"

"उलसंक आनखीन. हं. नाई, जास्त झालं. खाली."

"मांगच्या टायमालेबी असंच केलं तुमी."

"मांगच्या टायमाले तुह्यानं हाललं."

"माह्यानं नाई. तुमचा गुण्या वाकडा हाय."

एका पट्टीला हा कार्यक्रम एवढा लांबायचा की मी बाहेर बसून चहा पिऊन, पेपर वाचून, वर एक डुलकी काढून यायचो. तरी यांचं आपलं वर-खाली चालूच! मी मनातल्या मनात दोघांना शिव्या घालायचो.

मग एक दिवस वहिनी टेबलाखाली बसल्या त्या उठेचनात. गुडघा अडकला. मी एका बाजूनं आणि भाऊंनी दुसऱ्या बाजूनं धरून कसंबसं बाहेर काढलं. वहिनींच्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. भाऊंनी त्यांना खाटेवर टेकवलं, माझ्याकडं वळले आणि म्हणाले, "मांगव बापा लिफ्ट."

"कोणती?"

"कोनतीबी."

ज्या माणसानं चार महिने हँडलाच्या गुळगुळीतपणावर काढले, तो म्हणतो कोणतीही! मी लगेच मोबाईलवर मागवून टाकली. पार्सल आमच्या गावात येत नाही, म्हणून जीपनं कारंज्याला जाऊन घेऊन आलो. खोकं उघडून भाऊंच्या पुढ्यात ठेवलं आणि लांबलचक आट्यांचा तो स्क्रू, त्याचं हँडल, सगळं उत्साहानं समजावून सांगितलं.

"याच्यात खाली कोनाले बसा लागन?" भाऊंनी विचारलं.

"कोणालाच नाही! वरून तुमचं तुम्ही फिरवायचं."

"मंग बोला-सांगाचं काई कामच नाई."

"नाहीच ना!" मी खूश होऊन म्हणालो.

"हं," भाऊ म्हणाले आणि खोकं परत बंद केलं. दारात वहिनी उभ्या होत्या. त्या पदर सावरत आत गेल्या.

पुढं बरेच दिवस राउटरचा आवाज नाही. इकडं गिऱ्हाइकं माझ्या उरावर बसलेली. शेवटी मीच तणतणत निघालो, तर स्टँडजवळ सलीमभाई वेल्डरनं हाक मारली. "दिनकरभाऊ, तुमच्या मिस्त्रीचा दिमाग फिरला काय? नवीकोरी चीज घेऊन आले आणि उलटी करून घेतली माह्याकडून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गेलो तो सरळ भाऊंच्या कामाच्या छपरीत घुसलो. पाहतो तर काय, लिफ्ट टेबलाला बसवलेली होती, पण हँडल वर नव्हतंच. ते स्क्रूच्या खालच्या टोकाला वेल्ड केलेलं. वरचं भोक सागाची गुटी ठोकून पक्कं बंद. आणि टेबलाच्या बाजूला पाठ टेकायचा एक नवा बैठा स्टूल, वर गोधडीची घडी, त्याच्यावर पाय पसरून, हँडल हातात धरून कमलावहिनी.

"भाऊ! अहो, उलटी बसवली तुम्ही!"

"कंपनीवाल्याची चुकी होती," भाऊ शांतपणे म्हणाले. "दुरुस्त केली."

"अहो पण हँडल वर असतं तर दुसरं माणूस..."

भाऊंनी माझ्याकडं रोखून पाहिलं. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "तिच्या गुडघ्याले आराम भेटला पायजे होता, भेटला. पन मी दिवसभर कोनासंग बोलू रे? बकरीसंग?"

मी माझी पट्टी टेबलावर ठेवली. भाऊंनी गुण्या धरला.

"अर्धा सूत वर."

वहिनींनी दोन बोटांनी हँडल फिरवलं. "आला?"

"उलसंक आनखीन."

खालून हँडलाची कुरकुर तेवढी ऐकू आली. मग वहिनींचा आवाज आला, "मानोऱ्याले पोरीच्या घरची फरशी उचनीच होती."

भाऊंचा गुण्या तसाच हातात राहिला.

"पलंग बराबर होता तुमचा," वहिनी म्हणाल्या. "मले तवाच दिसलं होतं."

भाऊंनी चष्मा कपाळावरून खाली ओढला. भिंतीकडं पाहिलं, करवतीकडं पाहिलं, पण पुसली नाही.

"पोळी नरम होती," ते म्हणाले. "आनखीन वर घे."

बिट माझ्या पट्टीच्या मापाबाहेर कधीच गेलं होतं, चांगलं बोटभर वर आलं होतं.

"आला?"

"नाई. आनखीन."

मी पट्टी उचलली आणि उद्या येतो म्हणालो. छपरीबाहेर पडलो तरी मागून ऐकू येत होतं, "उलसंक आनखीन."