झोपेच्या चादरीची सरकारी कसोटी

सोलापुरात चादरी विणणारे ढिगानं असतील, पण झोप विणणारा मी एकटाच! निदान त्या दुपारपर्यंत माझी, म्हणजे सरफराजची, तशी पक्की समजूत होती.

मी नवं सूत लावून एक चादर काढली होती. अंगावर घेतली की ढगात शिरल्यासारखं वाटायचं. सरकार नव्या संशोधनाला अनुदान देतंय असं कळल्यावर लगेच अर्ज ठोकला. मग मागावर बसल्या बसल्याच स्वप्नं! अख्खं शहर गच्च्यांवर माझ्या चादरीत गाढ झोपलंय, वर दुधासारखं चांदणं, आणि गल्लीतली कुत्रीसुद्धा कुजबुजत भुंकतायत!

तपासणीला सरकारी अधिकारी उत्कर्षा मॅडम आल्या. सोबत समोरचा कारखानदार नंदीश, बगलेत स्वतःची चादर!

"हा कशाला, मॅडम?"

"यांचाही अर्ज आहे. सरकारी पैशानं एकाला वर उचलायचं आणि शेजाऱ्याला बुडवायचं, असं नाही चालत. दोघांना कसोटी एकच."

कसोटी म्हणजे शेजारचे आबासाहेब. झोपेशी त्यांचं सात पिढ्यांचं वैर! ज्याच्या चादरीत ते झोपतील, तो जिंकला.

ओसरीत दोन खाटा टाकल्या. मी माझ्या खाटेवर हळूच जाड गादी सरकवली. मॅडमनी काढायला लावली. मग पंखा माझ्या खाटेकडं वळवला. मॅडमनी बंदच केला!

सगळे आबासाहेबांना आणायला गेले. मी चहाचा कप हातात घेऊन पुन्हा चांदण्यात शिरलो, आणि अख्खा कप चादरीवर!

"यास्मीन! कपाटातली दुसरी नवी चादर टाक, पटकन!" बायकोला ओरडून मी हात धुवायला पळालो.

आबासाहेब आधी नंदीशच्या चादरीत शिरले. "लई उकडतंय हितं! झोप येत न्हाय!"

मग माझ्या चादरीत. कूस बदलली, सुस्कारा सोडला... आणि घोरायला लागले! असे घोरले की खाट होटगी स्टेशनाकडं निघालेल्या रेल्वेसारखी हलू लागली. नंदीशचे डोळे पाणावले. "जिंकलास, भावा!"

मी ढगात! तेवढ्यात मॅडमनी चादरीचं टोक उचललं. "याला ठिगळ कसं?"

यास्मीन पुढं आली. "कपाटाची किल्ली यांच्याच खिशात, मॅडम. म्हणून आमची रोजची टाकली. लग्नातली हाय."

मी खाली! पण मॅडमनी चादर गालाला लावून पाहिली. "इतकी वर्षं धुऊन आलेला हा मऊपणा नव्या चादरीत आणता आला तर? तुम्ही दोघं मिळून शोधा. अनुदान दोघांना सारखं. पण जे सापडेल ते गावातल्या प्रत्येक विणकराला खुलं!"

नंदीशनं मला कडकडून मिठी मारली.

सगळं छान झालं. फक्त आमची ती जुनी चादर नमुना म्हणून सीलबंद होऊन गेली. हल्ली मी माझी नवी चादर पांघरतो, आणि रात्रभर टक्क जागा असतो. यास्मीनला सांगू नका!