दुल्बाजी रानमाळे यांस परमुलखी परवाना मिळाला त्याची हकीकत

श्रीरानदेवी समर्थ. ज्या राज्याचे नाव लिहिल्यास लिहिणाराची खैर नाही, त्या राज्याच्या सरहद्दीवर शके सोळाशे एक्क्याण्णव, विरोधीनाम संवत्सरे, पौष मासी जे वर्तमान घडले ते ऐसे.

पूर्वी डोंगर आणि डोंगराखालील वाडी एकाच मुलखात होती. मग एके साली महापूर आला आणि नदीने पात्र टाकिले आणि डोंगर व वाडी यांचे मधून वाहू लागली, आणि उभय राज्यांचे वकील बसले आणि नदी हीच सरहद्द ऐसे ठरले. येणेप्रमाणे वाडीचे शिकारी घरची चूलही न हलविता परमुलखी जाहले. मग महाराजांची आज्ञा जाहली की, रहिवाशाने सांबर मागावे आणि न्यावे, परमुलखी लोकांस सालास परवाने तीनच. पैकी दोन महाराजांचे व्याही आणि मेहुणे यांस लागत. उरला एक, आणि त्यावर टपलेली माणसे सव्वाशे. ज्यास न मिळे त्यास दफ्तरातून दोरीवर एक गाठ मारून देत, आणि ज्याच्या गाठी अधिक त्याचा हक्क आधी, आणि गाठी सारख्या आल्यास चिठ्ठ्या टाकीत. दोन सालांमागे कोठूनसा आलेला एक तांबोळी, ज्यास बंदुकीचे तोंड कोणते हे दाखवावे लागे, तो रहिवासी म्हणोन मिशीस पीळ देत डोंगर चढे. आणि ज्यांच्या पणज्यांनी त्या डोंगराच्या वाटा पाडिल्या ते अलीकडे उभे राहोन पाहात. महाराज न्यायी खरेच.

वाडीची चाल ऐसी की, शिकारी मेला म्हणजे त्याच्या लेकाने त्याच डोंगरीचे सांबर मारावे आणि एक शिंग वेशीच्या धोंड्यापाशी बापाचे नावे रोवावे आणि शिकार कैसी मिळाली ते चारचौघांत खरे सांगावे. तोवर बाप वेशीबाहेर ताटकळतो ऐसे मानीत. खोटे बोलून रोविलेले शिंग उपटून टाकीत, आणि मग तो बाप कायमचा बाहेर.

दुल्बाजी रानमाळे आणि त्याचा जिवलग कोंडाजी खरवडे या दोघांचे बाप एकाच साली पटकीने गेले होते. बारा साले दोघेही दफ्तरी बरोबर गेले आणि बरोबर हात हलवीत आले, आणि दोघांच्या दोरीवर बारा बारा गाठी जाहल्या. इतक्या दुसऱ्या कोणाच्याही नव्हत्या. दुल्बाजीची आई जेवण वाढिताना म्हणे, "तुझा बा अजून बाहीरच हाय. तुला घास गिळतो कसा?" दुल्बाजी खाली पाहोन जेवी.

तेराव्या साली कोंडाजी कड्यावरून घसरला आणि पाय मोडला. आजाऱ्याची दोरी दुसऱ्याने आणिली तरी दफ्तरास चालत असे. कोंडाजी बोलिला, "दुल्बा, माझीबी दोरी ने. चिठ्ठी कुनाची निघंल ती निघंल."

मग दुल्बाजी दफ्तरी गेला आणि आपली दोरी पुढे ठेविली. कारकुनाने गाठी मोजिल्या आणि पुसिले, "बारा. इतक्या आणिक कोणाच्या?" तेव्हा दुल्बाजीचा हात कमरेस कोंडाजीच्या दोरीवर होता, आणि त्यास आईचे बोलणे आठवले, आणि तो बोलिला, "न्हाई जी." इतकेच. कारकुनाने शिक्का उठविला. येताना दुल्बाजी वाटेत एका दगडावर बसला आणि कोंडाजीच्या दोरीस तेरावी गाठ आपल्या हाताने मारिली आणि घरी येऊन सांगितले की, चिठ्ठी माझी निघाली.

मग दुल्बाजीने तिसरे दिवशी मोठ्या शिंगांचे सांबर एका गोळीत पाडिले. शिंगे घेऊन नदी उतरला, तो कोंडाजी काठी टेकीत धारेपाशी उभा. त्याचे तोंड पाहवेना, म्हणोन दुल्बाजीने न मागता एक शिंग त्याच्या हाती दिले. कोंडाजीचे डोळे भरले. बोलिला, "मला परवाना निघाला असता तर एक शिंग तुझ्या बाचंच हुतं. म्हून तर दोरी तुझ्याकडं देऊन मी बिनघोर हुतो." ज्याची चोरी केली तो अर्धे आधीच देऊन बसला होता, आणि चोरीचे कारणच नव्हते.

दुसरे दिवशी वाडी जमली. कोंडाजी वयाने वडील, म्हणोन त्याने आधी शिंग रोविले आणि सांगितले, "माझी दोरी दुल्बानं नेली, चिठ्ठी त्याची निघाली, आनि त्यानं अर्धी शिकार मला दिली. याहून खरं मला ठावं न्हाई." लोकांनी माना डोलाविल्या. कोंडाजीने आता गरज नाही म्हणोन आपली दोरी नदीत सोडिली, आणि सर्वांनी दुल्बाजीकडे पाहिले.

खरे सांगावे तर कोंडाजीचे सांगणे खोटे ठरून त्याचे शिंग आत्ता उपटावे लागते, आणि न सांगावे तर आपला बाप खोट्यावर उभा राहतो. दुल्बाजी धोंड्यापर्यंत गेला आणि मागे फिरला. मग बोलिला, "माझा बा थांबंल." आणि शिंग काखेस मारून घरी गेला. कोंडाजी मागून हाका मारीत राहिला. त्यास वाटले, मित्रास भरून आले. आईने त्या दिवसापासून दुल्बाजीचे ताट वाढिले, परंतु त्याशी शब्द बोलली नाही.

तात्पर्य, महाराजांचे सांबर एक गेले आणि बंदोबस्त उत्तम राहिला. पुढील साली परमुलखी परवाने दोन केले, ते दोन्ही सोयऱ्यांस पुरले. दुल्बाजीने पहिले गाठीपासून पुन्हा दोरी धरिली आणि सात गाठी होऊन वारला. त्यास लेक नव्हता. बाप आणि लेक दोघेही वेशीबाहेर आहेत. जैसे घडले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही.