आबांचं वाढीव माप

"आबांना दोन वेळा जेवायला घालता ना रे?" ताईने फोनवर विचारलं आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला.

गेले वर्षभर ताईचा प्रत्येक फोन याच वाक्यावर संपत होता. कुणाच्या तरी घरी तिने आबांचा फोटो पाहिला होता आणि भावाच्या घरी बापाची आबाळ होते, असं एकतर्फी निकालपत्र देऊन टाकलं होतं. वास्तविक आबा तरुणपणापासूनच काडीसारखे. पण गुडघ्यांमुळे ताईला प्रवास जमत नव्हता, आणि नातेवाईक हे फोटोपेक्षाही वाईट वार्ताहर असतात.

भावाला हे फार लागलं होतं. तो निवृत्त वजनमापे निरीक्षक. बत्तीस वर्षं दुकानादुकानांतून लोकांचे काटे तपासले, हलकी वजनं जप्त केली. आणि आता सख्ख्या बहिणीने त्याच्याच घरी माप कमी भरतं म्हणावं!

पुरावा मात्र त्याच्याजवळ होता. आबांच्या नव्वदाव्या वाढदिवसाला त्याने जुन्या कॅमेऱ्यावर अकरा मिनिटांचं चित्रण केलं होतं. त्यात आबा पोटभर जेवतात, पुन्हा मागून घेतात आणि शेवटी समाधानाने ढेकर देतात. ताईला मोबाईलवर काही बघायला आवडत नसे. "तळहाताएवढ्या पडद्यावर माणूस मुंगीसारखा दिसतो," म्हणायची. तिच्याकडे टीव्ही होता आणि त्याला जोडलेला डिस्कचा प्लेयर. ताईचे यजमान, भावोजी, कामासाठी गावात आले होते, ते दुपारी चारला परतणार होते. त्यांच्या हाती डिस्क द्यायची, की वर्षाचा कलंक धुतला जाणार होता.

निरीक्षकांनी सकाळी आठला चार कोऱ्या डिस्क टेबलावर मांडल्या. कॅमेऱ्यातली फाईल उचलून पहिल्या डिस्कवर टाकली आणि डिस्क आपल्या प्लेयरमध्ये सरकवली. प्लेयरने दोन मिनिटं विचार केला आणि ती जशीच्या तशी बाहेर काढून दिली.

त्यांनी कम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला फोन लावला.

"काका, फाईल तशीच टाकून नाही चालत. आधी प्लेयरला कळेल अशी बदलून घ्यायची, मग डिस्कवर लिहायची."

"म्हणजे फाईल चुकीची आहे?"

"फाईल बरोबरच आहे हो. पण प्लेयर जुना आहे. त्याला नवीन भाषा कळत नाही."

"आबांसारखंच," आतून बायको म्हणाली.

फाईल बदलणारा एक फुकटचा प्रोग्राम निरीक्षकांनी शोधून काढला. पाऊण तास पडद्यावरची हिरवी पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती आणि निरीक्षक तिच्यावर नजर रोखून बसले होते, न जाणो मधेच दोन टक्के खाल्ले तर! दुसरी डिस्क लागली. चित्र आलं, आवाज आला, आणि आबांच्या छातीवर आडवी, ठळक अक्षरं आली : 'चाचणी प्रत'.

आबा खुर्चीतून वाकून बघत होते. "नव्वद वर्षं झाली," ते म्हणाले, "अजून चाचणीच चाललीय होय माझी?"

मग दुसरा प्रोग्राम आला, पुन्हा तासभर पट्टी सरकली, आणि तिसरी डिस्क तयार झाली. ती लावून बघायच्या आधी निरीक्षकांचा हात आपोआप खणाकडे गेला. तपासलेल्या वस्तूवर मोहोर नसेल तर ती वस्तू त्यांच्या लेखी कायद्याने अस्तित्वातच नसे. त्यांनी जाड कागदाची गोल चकती कापली, सही केली, तारीख घातली आणि डिंकाने डिस्कच्या कडेला पक्की चिकटवली.

एका बाजूने जड झालेली डिस्क प्लेयरमध्ये अशी काही घरघरली, की आबांनी दचकून पाय वर घेतले.

"अहो, काढा ती! उडून बाहेर येईल!" बायको ओरडली.

निरीक्षकांनी डिस्क काढली आणि चकती ओढली. चकतीबरोबर डिस्कची चांदीही सोलून आली.

"लावली मोहोर?" बायकोने शांतपणे विचारलं. "आता डिस्कचा पंचनामाही करून टाका."

चौथी डिस्क त्यांनी मोहोरेविना, जड अंतःकरणाने लिहिली. साडेतीनला ती लावली. अक्षरं नव्हती, घरघर नव्हती, आवाज खणखणीत. आणि टीव्हीवर एक गोल गरगरीत, गालफडं भरलेले, भक्कम खांद्यांचे गृहस्थ जेवत बसले होते.

"हे कोण?" आबांनी विचारलं.

"तुम्हीच, आबा. कॅमेऱ्यातलं चित्र चौकोनी आणि टीव्ही रुंद. चित्र आडवं ताणलं गेलंय."

तेवढ्यात चित्रात वाढायला आणखी कोणी तरी आलं. आलं म्हणजे, टीव्हीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आलं. बायको उठून उभी राहिली.

"ही मी? ही डिस्क या घराबाहेर जाणार नाही!"

निरीक्षकांनी पट्टी आणून टीव्हीतलं आबांचं ताट मोजलं. रुंदी चोवीस, उंची अठरा. ताट गोल होतं हे ते शपथेवर सांगू शकत होते. "तिसरा हिस्सा जास्त," ते खचून म्हणाले. "एवढ्या फरकाला मी दुकानं बंद केलीत."

पुन्हा करायला ना वेळ होता, ना डिस्क. खाली भावोजींची रिक्षा वाजत होती. बायको मात्र टीव्हीसमोरून हलली नव्हती. ती आबांचे भरलेले गाल बघत होती.

"पाठवा," ती म्हणाली.

"अगं, पण तू..."

"माझं काय व्हायचं ते होऊ दे. वर्षभर ऐकून घेतेय, उपाशी ठेवते म्हणून."

"पण हे खोटं माप आहे!"

"बत्तीस वर्षांत वजन जास्त दिलं म्हणून कोणी तक्रार केली होती तुमच्याकडे?"

निरीक्षकांनी बत्तीस वर्षं मनातल्या मनात चाळली. एकही नव्हती. ते डिस्क घेऊन जिना उतरले.

तिसऱ्या दिवशी ताईचा फोन आला. आवाज रडवेला होता. "चुकले रे मी. काय बाळसं धरलंय आबांनी! नव्वदीत असं अंग भरलेलं कोणी पाहिलंय का? दोनदा बघितली बघ डिस्क."

"अगं ताई, ते जरा..."

"तू काही बोलू नकोस. वर्षभर मी वाट्टेल ते बोलले. तुझी बायको मात्र फार सुटलीय हो, तिला जपायला सांग. आणि ऐक, मी गुडघ्यांना पट्टे बांधलेत. पुढच्या रविवारी येतेय. आता या डोळ्यांनी बघितल्याशिवाय राहवत नाही."

फोन ठेवून निरीक्षकांनी रविवारची बातमी घरात सांगितली. मग बायको आत गेली आणि साय घातलेल्या दुधाचा मोठा पेला, चार केळी आणि लोण्याची वाटी आबांसमोर मांडून उभी राहिली. निरीक्षक बोटांवर दिवस मोजत होते. ते नऊच भरत होते.

आबांनी पेल्याकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि एक केळं सोलायला घेतलं.

"एवढ्यानं काही व्हायचं नाही," ते म्हणाले. "ती आली की तिला टीव्ही लावून द्या. मी आत जाऊन झोपतो."