कापलेला कोपरा

गुरुवारचा केक विल्फ्रेड टॅपस्कॉट यांनी नेहमीसारखाच करपवला होता, पण आज त्याचं त्यांना काही सोयरसुतक नव्हतं. यॉर्कहून हेस्टर ॲपलगार्थबाई येणार होत्या. पुस्तक पहिल्या आवृत्तीचं आहे की नाही, हे त्या पाच मिनिटांत सांगत. टॅपस्कॉटसाहेबांना नेमकं तेच नको होतं.

त्याचं असं झालं, की बायको डोरोथी गेल्यावर व्हिटबीतल्या त्या घरात बोलायला उरली फक्त केटली, आणि तीही शिट्टीपलीकडे काही बोलत नसे. हिवाळ्यात तर किनाऱ्यावर कुत्री फिरवायलाही कोणी येईना. शेवटी साहेबांनी पेपरवाल्याच्या काचेवर चिठ्ठी लावली: ‘जुनी रहस्यकथा, बहुधा पहिली आवृत्ती.’ विकायचं त्यांच्या मनात नव्हतंच. कोणीतरी दार वाजवावं, एवढंच.

या पुस्तकाच्या आवृत्तीची खूण एकच होती. वेष्टनाच्या आतल्या घडीवर दहा शिलिंग सहा पेन्स छापलं असेल तर पहिली, साडेबारा शिलिंग असेल तर दुसरी. येणारा घडी उघडणार, किंमत वाचणार आणि चालू लागणार. म्हणून चिठ्ठी लावण्याआधी साहेबांनी नखं कापायच्या कात्रीने तो कोपराच उडवला. भेट देताना किंमत कापून टाकायची रीत घरोघरी असल्यामुळे कोणाला संशय येणार नव्हता. तुकडा मात्र त्यांच्याने फेकवेना, कारण पुस्तक डोरोथीचं होतं. तो त्यांनी चहाच्या डब्याच्या झाकणात खोचून ठेवला.

मग गारसाइड आणि पेनॉक हे दोन पुस्तकविक्रेते आले, आणि दर गुरुवारी भांडू लागले.

“कागद हुंगा, पेनॉक! पहिली आहे म्हणतो ना मी!”

“तुमच्या नाकाला बारमाही सर्दी! दुसरी आहे, दुसरी. टॅपस्कॉट, केक सरकवा जरा इकडे.”

साहेब दोघांच्याही बोलण्याला मान डोलवत आणि पुढच्या गुरुवारची वाट बघत. पण ते दोघे आता कंटाळले होते. “ॲपलगार्थबाईंनाच बोलावू,” पेनॉक म्हणाले, “म्हणजे सोक्षमोक्ष लागेल आणि आपण सुटू.” ‘सुटू’ हा शब्द साहेबांच्या काळजात रुतून बसला.

बाई आल्या, ओली छत्री कोपऱ्यात ठेवली आणि भिंग काढून कामाला लागल्या. कापलेल्या कोपऱ्यापाशी त्या थांबल्या.

“हा कोणी कापला?”

“बायकोनं. मला वाढदिवसाला दिलं होतं ना.”

“कधी?”

“झाली असतील चाळीस वर्षं.”

बाईंनी पुन्हा भिंग लावलं. वेष्टनाच्या सगळ्या कडा म्हातारपणाने तपकिरी झाल्या होत्या, कापलेली कड मात्र पांढरीफेक होती. साहेबांच्याही हे आत्ताच लक्षात आलं. “चहा टाकतो,” म्हणत ते स्वयंपाकघरात पळाले.

बाई मागोमाग आत आल्या. साहेबांनी घाईघाईने डबा उघडला आणि झाकणातला तुकडा नेमका बाईंच्या पुढ्यातल्या बशीत पडला.

“दहा शिलिंग सहा पेन्स,” बाईंनी वाचलं. “म्हणजे पहिलीच! अहो, कोपरा उडवून निम्मी किंमत घालवलीत की!”

“किंमत घेऊन काय करू, बाई? निकाल लागला की हे दोघं येतील कशाला?” साहेब म्हणाले. “गुरुवार सोडला तर माझ्याशी कोणी बोलत नाही हो.”

बाईंनी तुकडा बशीतून उचलला. “माझ्याकडेही लोक येतात,” त्या म्हणाल्या. “पाच मिनिटांत उत्तर मिळतं, की निघाले. चहाला कोणी थांबत नाही.” त्यांनी तुकडा परत झाकणात खोचला आणि डबा घट्ट लावला.

बाहेरच्या खोलीत गारसाइड आणि पेनॉक कोट चढवूनच उभे होते. “लागला निकाल?”

“सांगता येत नाही,” बाई म्हणाल्या.

गारसाइड मटकन खाली बसले. बाईंच्या तोंडून हे वाक्य आजवर कोणीच ऐकलं नव्हतं.

“पुन्हा नीट बघावं लागेल. पुढच्या गुरुवारी येते. आणि टॅपस्कॉट, केक मी आणेन.”

“बघा! म्हणजे पहिली असू शकते!” गारसाइड ओरडले.

“किंवा दुसरी!” पेनॉक कोट काढत म्हणाले, आणि भांडण नव्या जोमाने सुरू झालं.

निघताना बाई दारात घुटमळल्या. आतल्या दोघांचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी आवाज खाली आणला.

“कोपरा कापलात ती कात्री जरा देता का? यॉर्कला माझ्याकडेही एक पुस्तक आहे.”