मनुबाईच्या होडीची तपासणी

कमलेश ठाकूर हा होडी-परवाना कार्यालयात उरलेला शेवटचा माणूस. पूर्वी तिथं सहा जण होते आणि एक सरकारी लाँच होती. निधी कापला तशी आधी लाँच गेली, मग माणसं गेली. राहिला कमलेश आणि त्याचा गोल शिक्का. "निधी कापतील, पण अधिकार कोण कापणार?" असं तो टपरीवर रोज सांगायचा. ऐकायला टपरीवाला तेवढा असायचा.

मनुबाईचा अर्ज तीन महिने पडून होता. आगरदांड्याकडच्या खाडीत पर्यटक फिरवायला तिनं नवी होडी घेतली होती आणि दिवाळीची गर्दी आठ दिवसांवर आली होती. तपासणी भरल्या होडीची, तीही पाण्यात करायची, असा नियम. पूर्वी होडीत वाळूची पोती रचून साहेब लाँचमधून बघत. आता लाँच नव्हती आणि पोतीही नव्हती.

"पोत्यांच्या जागी मानसं चालतील का?" मनुबाईनं विचारलं.

"वजन भरलं म्हणजे झालं. मी स्वतः बसतो."

तिनं सात जावा-नणंदा आणल्या. त्या लग्नाला निघाल्यासारख्या नटून आल्या होत्या.

खाडीच्या मध्यावर कमलेशनं इंजिन बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितलं. मनुबाईनं एका हिसक्यात केलं. साहेबांचं समाधान होईना. "मला खात्री करू द्या," म्हणत त्यानं इंजिन बंद केलं, पाय रोवला आणि ते सुरू करायची दोरी अशी काही ओढली की अख्खी दोरी हातात घेऊन तो एका नणंदेच्या मांडीवर जाऊन बसला.

ओहोटी लागली होती. बायका वल्ही हातात घेईपर्यंत होडी वाहत गेली आणि गाळात रुतली.

"घाबरू नका," कमलेश म्हणाला. "मदतकक्षाचा नंबर होडीवर रंगवलाय ना? तो मीच सक्तीचा केलाय. लावा फोन."

मनुबाईनं वाकून नंबर वाचला आणि लावला. कमलेशच्या खिशात फोन वाजू लागला. तेव्हा त्याला आठवलं. मदतकक्ष जूनमध्येच बंद झाला होता आणि तिथले फोन त्याच्याच मोबाईलवर वळवले होते.

"उचला ना, साहेब."

त्यानं सवयीनं उचलला. "मदतकक्ष, बोला."

"आमी गाळात रुतलोय," त्याच्यापासून दोन हातांवर बसलेली मनुबाई फोनमध्ये म्हणाली.

"किती जण?"

"आठ बायका आन एक साहेब."

"माणूस पाठवतो," कमलेश म्हणाला, आणि मग त्यानं आजूबाजूला पाहिलं. माणूस एकच होता. त्यानं पँट दुमडली आणि उतरला.

बूट गाळातच राहिले. दोनदा पडून तो धक्क्यावर पोचला आणि दुसरी होडी शोधत फिरला. ती मिळेपर्यंत भरती लागली आणि बायका वल्ही मारत आपापल्या घरी पोचल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी तो अहवाल लिहायला बसला. 'इंजिन बिघाडाचे कारण' या रकान्यापाशी पेन अडलं. 'दोरी जुनी' लिहिलं की त्याची अब्रू वाचणार होती आणि मनुबाईची दिवाळी बुडणार होती. दोरी तर कोरी करकरीत होती. त्यानं एक उसासा टाकला, 'तपासणी अधिकारी' असं लिहिलं आणि परवान्यावर शिक्का मारला.

मनुबाईनं कागद नीट वाचून पिशवीत ठेवला. दारात थांबून तिनं विचारलं, "ही तपासनी दर वर्षी असते का?"

"दर वर्षी."

"मंग तवर सरकारला पैसं मिळू देत," ती मनापासून म्हणाली. "दुसरा कोनी साहेब तरी येल."