चांदेहाळमध्ये एके दिवशी

कादंबरी कशी लिहावी हे ज्याला शिकायचं असेल त्यानं सरळ वडगावात माझ्या घरी यावं! मी नागेंद्र. पोटासाठी पॉवरलूमवर साड्या विणतो, जिवासाठी कीर्तनं ऐकतो आणि साहित्यासाठी कैक वर्षं एक कादंबरी रचतोय.

आधी गाव वसवलं. नाव चांदेहाळ. त्याचा नकाशा आमच्या सोप्यातली अख्खी भिंत खाऊन बसलाय. ओढा, गल्ल्या, देवीची जत्रा, पाटलांच्या सात पिढ्या, कुठल्या विहिरीचं पाणी मचूळ, कुठल्या विहिरीत पोरं कमरेला भोपळा बांधून पोहतात, सगळं तयार! ब्रह्मदेवानंसुद्धा इतक्या बारकाईनं काम केलेलं नाही. केलं असतं तर आमच्या गल्लीला गटार दिलं असतं!

"अवो, पन त्या गावात घडतंय काय?" बायको, दिपाली, विचारायची.

"घडंल की! आधी गाव तर नीट वसू दे."

"नुसता ताणा लावून बसलाय. धोटा कवा हालनार?"

विणकराची लेक! बोलणंही धोट्यासारखं, इकडून तिकडे सटासट.

आणि देव पावला. दत्तजयंतीला माझे लाडके कीर्तनकार बुवा येणार होते. देवळाच्या पंचकमिटीचे भरमूअण्णा म्हणाले, "कीर्तनाआधी नागेंद्र पयलं प्रकरण वाचंल. बुवास्नी पसंत पडलं, तर फुडल्या वर्साला पुस्तकाचं प्रकाशन हितंच, त्यांच्या हस्ते!"

छाती अशी फुगली की सदऱ्याचं बटण तुटून आमटीत पडलं!

लगेच प्रकरण लिहायला बसलो. तेव्हा ध्यानात आलं की चांदेहाळच्या देवीची पालखी कुठल्या गल्लीतून जाते, हे अजून ठरलेलंच नाही! ते ठरवता ठरवता दत्तजयंती उजाडली. मग भिंतीवरचा नकाशाच गुंडाळून काखेत मारला. एवढं जग हाताशी असताना प्रकरणाची काय मातब्बरी!

देऊळ भरलेलं. बुवा अगदी पुढे. मी नकाशा खांबाला टांगला आणि सुरू झालो. ओढा सांगितला, जत्रा सांगितली, पाटलांच्या पिढ्या मोजल्या. लोक असे रंगले की शेजारच्या राजाबाई उठूनच उभ्या राहिल्या. "पाटलाचा धाकटा बिनलग्नाचा म्हनलास न्हवं? आमच्या नातीसाठी पत्रिका आन बघू!"

"राजाक्का, त्यो कल्पनेतला हाय!"

"असू दे की. दारू तर पीत न्हाय न्हवं?"

तेवढ्यात येळ्ळूरचे पाहुणे यल्लाप्पा यांनी बोट वर केलं. "पन हे गाव कोगनोळी नाक्याच्या अलीकडं का पलीकडं?"

संपलं! नाक्याच्या अलीकडे एक राज्य, पलीकडे दुसरं; सीमाभागात एवढा एक प्रश्न पुरतो.

"अलीकडं!"

"पलीकडं! ओढा बघ की कुठं वळलाय!"

"बसवर पाटी कुठल्या भाषेत हाय रं?"

"तिथं बस येतच न्हाय," मी जीव तोडून सांगितलं.

"बस न्हाय?" भरमूअण्णा कडाडले. "हा चांदेहाळवर अन्याय हाय! उद्याच निवेदन द्यायचं!"

सह्यांसाठी कुणीतरी पेनही काढलं. अखेर बुवांनी हात वर केला. पेन परत खिशात गेलं.

"नागेंद्रराव, पूर्वरंग उत्तम झाला. आता आख्यान लावा. या गावात एके दिवशी काय घडलं?"

कीर्तनात आधी निरूपण, मग गोष्ट, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक! पण माझ्याकडे गोष्ट होती कुठे?

"एके दिवशी..." मी सुरुवात केली. पाटलांच्या सातही पिढ्या डोळ्यांपुढे उभ्या राहिल्या, पण एक माणूस जागचा हलेल तर शपथ! "एके दिवशी... सकाळ झाली."

दिपालीनं कपाळावर मारलेला हात मला खांबापर्यंत ऐकू आला. गेलं प्रकाशन!

बुवा मात्र हसले. "सकाळ झाली ना? मग झालं तर!" ते उठले, चिपळ्या घेतल्या आणि स्वतःच्या हातानं माझ्या हातात झांजा दिल्या. माझ्या!

"तर त्या सकाळी चांदेहाळच्या विहिरीवर एक तहानलेला पाहुणा आला. पाणी मागितलं. गाव म्हणालं, आधी सांग, तू अलीकडचा का पलीकडचा?"

अहाहा! यल्लाप्पांची मान खाली गेली. पाटलाचा धाकटा घागर घेऊन तहानलेल्याच परत निघालेल्या पाहुण्यामागे धावला, तसे भरमूअण्णा उपरण्यात नाक पुसू लागले. राजाबाईंनी तर मोठ्यानं सांगून टाकलं, "ठरलं! पोरगी ह्यालाच द्यायची!" माझं गाव, माझी विहीर, माझा धाकटा! मी ढसाढसा रडत झांजा वाजवत होतो.

शेवटी बुवांनी गळ्यातला हार माझ्या गळ्यात घातला. "प्रकाशन पक्कं. आज झालं तेवढं फक्त लिहून काढा."

हार मिरवत घरी निघालो. दिपालीचाही चेहरा फुललेला.

"सुंठवडा वाटायच्या गडबडीत माझा शेवट हुकला बघा. त्यो पाव्हणा कोन निघाला वो?"

मी थांबलो. डोकं खाजवलं. आभाळाकडे पाहिलं.

"लिवून घेटलासा न्हवं?"

"दोन्ही हातांत झांजा हुत्या की गं!"

"निदान ध्यानात तरी हाय का?"

"गोष्ट न्हाय," मी ताठ मानेनं म्हणालो, "पन ठेका पाक पाठ हाय!"