चेहरा मूळ स्थितीत आणण्याबाबत

पाणीपट्टी कार्यालयाच्या दारात हजेरीचं यंत्र बसवायचं ठरलं, तेव्हा त्याचे नियम लिहिण्याचं काम आस्थापना शाखेच्या भाऊसाहेबांकडे आलं. त्यांनी ते मन लावून केलं. प्रत्येक कर्मचाऱ्याने आपला एक फोटो द्यावा, यंत्र रोज चेहरा त्याच्याशी ताडून पाहील, आणि अपघात किंवा भाजणे याखेरीज कोणत्याही कारणाने फोटो बदलून मिळणार नाही. शेवटी त्यांनी स्वतःच्या अकलेने एक वाक्य जोडलं: ‘चेहरा मूळ स्थितीत राखण्याची जबाबदारी सर्वस्वी कर्मचाऱ्याची राहील.’ या वाक्यावर ते दिवसभर खूश होते.

मग त्यांनी स्वतःचा फोटो दिला. मेहुणीच्या लग्नातला. त्यात गाल जागच्या जागी होते आणि हनुवटी एकच होती. मेहुणीची मुलगीही आता लग्नाला आली होती, पण आपण अजून तसेच दिसतो अशी भाऊसाहेबांची प्रामाणिक समजूत होती. अशी समजूत आरशासमोरही टिकवता येते, फक्त दिवा लावायचा नाही.

पहिल्याच सकाळी यंत्र म्हणालं, “ओळख पटली नाही.”

भाऊसाहेब दिवसभर काम करू लागले आणि संध्याकाळी गैरहजर ठरू लागले. निवृत्ती तोंडावर आलेली. गैरहजेरी साठली तर सेवा खंडित होते आणि पेन्शन लटकते, हे त्यांच्याइतकं पक्कं कोणालाच माहीत नव्हतं, कारण आजवर इतरांची त्यांनीच लटकवली होती. गैरहजर माणसाला नोटीस काढणं हेही त्यांचंच काम. त्यांनी स्वतःला नोटीस काढली, स्वतःच सही करून घेतली, खुलासा लिहिला आणि असमाधानकारक वाटल्याने तो फेटाळला.

शेवटी ते साहेबांपुढे उभे राहिले.

“साहेब, वयोमानाने चेहरा जरा उतरलाय. फोटो बदलून द्या.”

“अपघात झाला?”

“नाही.”

“भाजलं वगैरे?”

“नाही हो.”

“मग मी काय करू? नियम तुम्हीच लिहिलाय, भाऊसाहेब. फार छान लिहिलाय. चेहरा मूळ स्थितीत आणा आणि हजर व्हा.”

घरी बायको म्हणाली, “अहो, गाल ओघळलेत म्हणून मी कधीची सांगतेय. माझं खरं वाटलं नाही, यंत्राचं लगेच पटलं!”

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचा गाल चिमटीत धरून सोडला. तो सावकाश, रजेवरून परतणाऱ्या कारकुनासारखा जागेवर आला.

“त्वचेला घट्ट धरून ठेवणारं कोलॅजन असतं ना, ते पंचविशीनंतर कमी होत जातं. सिगारेट ओढता?”

“जेवणानंतर.”

“झोप होते का?”

“ऑफिसात होते.”

“ऊन टाळा, सिगारेट सोडा, रात्री झोपा. मलम देते, थोडा फरक पडेल. पण गेलेलं सगळं परत येत नाही.”

“वरच्या ऑफिसात अर्ज केला तर?”

बाईंनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

सिगारेट सोडणं भाऊसाहेबांना फारच टोकाचं वाटलं. त्याऐवजी त्यांनी माशांच्या कातडीपासून केलेली कोलॅजनची पावडर आणली आणि चहात ढवळली. चहाला मासळीचा वास येऊ लागला, तेव्हा बायकोने त्यांचा कप वेगळा ठेवला. ऑफिसच्या स्वच्छतागृहात ते गालांचे व्यायाम करू लागले, तर लेखापालांनी दाढदुखीची गोळी आणून दिली. मग त्यांनी कानांमागे चिकटपट्टी लावून दोन्ही गाल वर ओढले आणि यंत्रासमोर उभे राहिले. यंत्र विचारात पडलं. तेवढ्यात डावी पट्टी सुटली, डावा गाल खाली आला, आणि यंत्र म्हणालं, “कृपया एका वेळी एकाच व्यक्तीने उभे राहावे.”

मागची रांग खो खो हसली. भाऊसाहेबही हसले, पण थट्टा बाजूला ठेवली तर त्यांना खरंच रडू येत होतं. उमेदीची सगळी वर्षं ज्या टेबलावर घालवली, त्याच ऑफिसचं दार आपल्याला ओळखत नाही, हे त्यांना फार लागलं.

त्यांची सुटका मागच्या दाराने झाली. साहेब आजवर तिथूनच येत होते. दुरुस्तीसाठी ते बंद झालं, साहेबांना पुढून यावं लागलं आणि यंत्राने त्यांनाही ओळख दिली नाही. साहेबांचा फोटो कॉलेजातला निघाला. त्याच दुपारी नियम व्यापक लोकहितास्तव शिथिल झाला आणि सर्वांचे नवे फोटो घेण्याचा आदेश सुटला.

“नुसतं बसा, काका,” यंत्रवाला म्हणाला. “आहात तसे.”

भाऊसाहेब आहेत तसेच बसले. बायकोनेही निघताना बजावलं होतं, “अहो, खरा चेहरा द्या या वेळी.” त्यांचा इरादा पक्का होता. पण यंत्रवाल्याने “हं, काढतो” म्हटलं आणि गाल आपोआप आत गेले, मान लांबली, हनुवटी वर झाली, श्वास थांबला. फोटो सुरेख आला.

दुसऱ्या दिवशी यंत्र म्हणालं, “ओळख पटली नाही.” भाऊसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं, गाल आत ओढले, हनुवटी उचलली, श्वास रोखला. ओळख पटली.

तेव्हापासून ते रोज असेच हजर होतात. मागे साहेब असतात, लेखापाल असतात, सगळी रांग असते, पण आता कोणी हसत नाही. जो तो गाल आत ओढून आपला नंबर यायची वाट बघत असतो. तुम्हाला मात्र हसू येतंय. येऊ द्या, पण बेतानं हसा. तुमच्या फोटोत तुम्ही असे दिसत नाही.